सक्शनमध्ये रक्त दिसतंय, तरी सीटी पुढे ढकलू का?

वाचकाचं पत्र

नमस्कार डॉक्टर,

माझी मुलगी साडेआठ वर्षांची आहे, वजन १६ किलो. जन्माच्या वेळी मेंदूला इजा झाली, त्यामुळे सेरेब्रल पाल्सी आहे. फिट्सचं औषध चालू आहे. पाठीला बाक आलाय आणि अंग ताठ करते तेव्हा मान पूर्ण मागे जाते. सारखा न्यूमोनिया व्हायचा म्हणून पाच महिन्यांपूर्वी ट्रॅकिओस्टॉमी केली, म्हणजे गळ्याला भोक पाडून श्वासनलिकेत नळी बसवली. रात्री घरीच लहान व्हेंटिलेटर लावतो. तब्येत सुधारली, झोप लागायला लागली.

गेल्या पंधरा दिवसांत सक्शन करताना, म्हणजे नळीतून मशीनने बेडका ओढून काढताना, चार-पाच वेळा लालसर धागे आले. एकदा मात्र सक्शन न करताच खोकली आणि रुमालावर ताजं लाल रक्त दिसलं, थोडंसंच. नळीसुद्धा ठोक्याबरोबर हलल्यासारखी वाटते. डॉक्टरांनी दुर्बीण टाकून बघायला आणि इंजेक्शन देऊन छातीचा सीटी स्कॅन करायला सांगितलंय. एक मोठी रक्तवाहिनी नळीला घासत असेल तर ती आधीच बंद करावी लागेल असंही बोलले. घरात सगळे म्हणतात, सक्शन करताना रक्त येतंच, उगाच घाबरवतात. सासूबाई म्हणतात, पोरीने आधीच खूप सोसलंय, आता आणखी चिरफाड नको. वॉर्डमध्ये भेटलेल्या एका ताईंचा मुलगा असंच अचानक रक्त येऊन गेला, ते माझ्या डोक्यातून जात नाही. मोठा मुलगा सातवीत आहे, त्यालाही सक्शन शिकवू का? काय करू ते सांगा.

– एक आई, सांगली जिल्हा

उत्तर

प्रिय ताई,

आधी सगळ्यात महत्त्वाचं. दुर्बिणीची तपासणी आणि सीटी या आठवड्यातच करून घ्या. तुमचं पत्र वाचल्यावर हे उत्तर छापून येण्याची वाट न बघता तुम्हाला तसं कळवलंच आहे. पण तुमच्यासारख्या घरांतून याच प्रश्नाची पत्रं येत असतात, म्हणून इथे सविस्तर लिहिते.

घरातले म्हणतात त्यात तथ्य आहे. ट्रॅकिओस्टॉमी, थोडक्यात ‘ट्रॅक’, असलेल्या मुलाच्या सक्शनमध्ये कधी ना कधी रक्ताचा धागा दिसतोच, आणि बहुतेक वेळा त्याचं कारण साधं असतं. कॅथेटर (सक्शनची बारीक नळी) खोल जातं, आतली त्वचा कोरडी पडलेली असते, जंतुसंसर्ग असतो, किंवा नळीच्या टोकाशी मांसल कोंब वाढलेला असतो. रक्त दिसलं की प्रत्येक वेळी धावत सुटा असं मी कुणालाच सांगणार नाही. पण तुमच्या पत्रात तीन गोष्टी एकत्र आल्या आहेत: हात न लावता आलेलं ताजं लाल रक्त, ठोक्याबरोबर हलणारी नळी आणि पाठीचा बाक. तिन्ही एकत्र असताना थांबू नये. तुमच्या डॉक्टरांनी घाबरवलेलं नाही, वेळेवर सावध केलं आहे.

ते ज्या रक्तवाहिनीबद्दल बोलले तिचं नाव इनॉमिनेट धमनी. हृदयातून निघालेली महाधमनी वर जाऊन वळते, तिथे तिला फुटणारी ही पहिली मोठी फांदी. श्वासनलिकेच्या अगदी पुढून ती डावीकडून उजवीकडे तिरपी जाते आणि पुढे तिचे दोन भाग होतात. एक उजव्या हाताला रक्त देतो, दुसरा मानेच्या उजव्या बाजूने मेंदूकडे जातो. श्वासनलिकेला कुर्चेची कडी असतात. नळीचं भोक साधारण दुसऱ्या ते चौथ्या कड्याच्या दरम्यान असतं, तर ही धमनी बऱ्याच जणांत नवव्या कड्याच्या आसपास असते. म्हणजे भोक वर आणि धमनी खाली. पण नळी भोकातून आत शिरून खाली वळते, आणि तिचं टोक किंवा टोकाजवळचा फुगा (काही नळ्यांना असतो) नेमका त्या धमनीच्या मागे येऊन थांबू शकतो. मुलांमध्ये ही धमनी मोठ्या माणसांपेक्षा वर असू शकते, कधी कधी गळ्याच्या खळग्यात बोटाला तिचा ठोका लागतो.

आता तुमच्या मुलीच्या शरीराचा विचार करा. पाठीचा कणा वाकला की छातीचा पिंजराही पिळवटतो. अशा अनेक मुलांची छाती पुढून मागे चपटी होते, छातीचं मधलं हाड आणि मणके यांच्यातली जागा कमी होत जाते. त्या अरुंद जागेत श्वासनलिका, तिच्यात नळी आणि पुढे धमनी असं सगळं दाटीने बसलेलं असतं. मूल अंग ताठ करून मान मागे टाकतं तेव्हा नळीचं टोक श्वासनलिकेच्या पुढच्या भिंतीवर रेटलं जातं. मागून नळी, पुढून हाड आणि मध्ये धमनी, अडकित्त्यात सुपारी धरावी तशी. असं दिवसातून कितीतरी वेळा, महिनोन्‌महिने होत राहिलं की भिंतीवर आधी लाली येते, मग जखम होते, जखम खोल जाते, आणि एखाद्या दिवशी ती धमनीपर्यंत पोचते. मोठ्या माणसांत असा रक्तस्राव झालाच तर बहुतेक वेळा शस्त्रक्रियेनंतरच्या पहिल्या तीन-चार आठवड्यांत होतो. तुमच्या मुलीसारख्या मुलांमध्ये मात्र तो कित्येक महिन्यांनी, अगदी वर्षांनीही झाल्याचं नोंदलेलं आहे. ‘पाच महिने झाले, आता काय होणार’ असं म्हणून इथे चालत नाही.

हा प्रकार विरळा आहे. ट्रॅक असलेली बहुसंख्य मुलं याच्या वाऱ्यालाही न जाता मोठी होतात. पण धमनी एकदा फाटली की हातात मिनिटं असतात, आणि तातडीने शस्त्रक्रिया झाली नाही तर मूल वाचत नाही. १६ किलोच्या मुलीच्या अंगात सगळं मिळून साधारण १.२ लिटर रक्त असतं. म्हणून या बाबतीत उपचारांपेक्षा आधीचा बंदोबस्त मोलाचा आहे. आणि बंदोबस्ताला संधी मिळते, कारण मोठ्या रक्तस्रावाआधी बऱ्याच रुग्णांत एक छोटा रक्तस्राव होऊन थांबतो. काही तास, काही दिवस किंवा त्याहून जास्त काळ आधी. तो आपोआप थांबतो आणि घरचे सुटकेचा श्वास सोडतात. मला सगळ्यात जास्त भीती त्या सुटकेच्या श्वासाची वाटते. वॉर्डमधल्या त्या ताईंच्या मुलाचं नेमकं काय झालं ते मी न बघता सांगू शकत नाही, आणि त्यांच्या हातून काही राहिलं असं तुम्ही मनातसुद्धा आणू नका.

मग साधं रक्त आणि इशाऱ्याचं रक्त ओळखायचं कसं? गुलाबी धागे बेडक्यात मिसळलेले असतील, सक्शननंतरच दिसले असतील, आणि सक्शन हलक्या हाताने केल्यावर व हवेत ओलावा वाढवल्यावर दिवसभरात कमी झाले असतील, तर डॉक्टरांना फोनवर कळवून लक्ष ठेवलं तरी चालतं. ताजं लाल रक्त हात न लावता आलं, नळीतून किंवा भोकाच्या कडेने वाहिलं, गुठळ्या पडल्या, किंवा थोडं थोडं का होईना पुन्हा पुन्हा आलं, तर त्याच दिवशी रुग्णालय गाठायचं. आणि दोन चमचे म्हणजे साधारण १० मिलीलिटर किंवा त्याहून जास्त ताजं रक्त आलं, तर ते थांबलं असलं तरी रात्र आहे की सण आहे हे न बघता लगेच निघायचं. तिथे गेल्यावर ‘आता थांबलंय, घरी जा’ असं कुणी म्हटलं, तर ‘दुर्बिणीने आत बघितल्याशिवाय आम्ही जाणार नाही’ असं म्हणण्याचा तुम्हाला पूर्ण हक्क आहे. हे वाक्य नवऱ्याला आणि सासूबाईंनाही माहीत असू द्या, त्या दिवशी बाजूला कोण असेल सांगता येत नाही.

तपासण्यांकडे वळते. दुर्बीण म्हणजे बारीक लवचीक कॅमेरा, नळीतूनच आत सरकवतात. नळीचं टोक भिंतीला टेकतंय का, तिथे लाली, जखम किंवा कोंब आहे का, पुढच्या भिंतीवर ठोके उमटताहेत का, हे त्यात दिसतं. सीटीमध्ये शिरेतून औषध दिल्यामुळे रक्तवाहिन्या उजळून दिसतात आणि नळी, धमनी व हाड यांच्यामध्ये किती जागा उरली आहे ते मोजता येतं. स्कॅन स्वतः काही सेकंदांचा असतो. तुमची मुलगी अंग ताठ करते म्हणून थोडं गुंगीचं औषध लागेल, त्यासाठी बालभूलतज्ज्ञ असलेलं ठिकाण बघा आणि रात्रीचा व्हेंटिलेटर बरोबर न्या. एक विनंती नक्की करा: जिच्यात अडचण येते त्याच नळीसह आणि शक्य असेल तर मान नेहमीसारखी ठेवून स्कॅन करा. त्याच वेळी मानेतल्या आणि मेंदूतल्या रक्तवाहिन्याही बघून घेता येतील का, तेही विचारा. पुढे धमनीचा प्रश्न निघालाच तर ती माहिती लागणारच आहे, मग एकाच गुंगीत काम होतं.

स्कॅनमध्ये काय निघेल हे मला माहीत नाही. धमनी नळीपासून लांब निघाली तर दुर्बिणीत दिसलेल्या कोंबावर किंवा जखमेवर उपचार होतील आणि तुम्हाला शांत झोप लागेल. पण टोक धमनीच्या मागेच टेकलेलं निघालं तर? अशा वेळीही लगेच शस्त्रक्रिया ठरत नाही. नळी बदलून बरंच साधतं. मापात मिलिमीटरचा फरक पडला तरी टोक भिंतीवरून सुटू शकतं. कधी आखूड नळी हवी असते, कधी उलट थोडी लांब आणि मऊ, जिचं टोक घासणाऱ्या जागेच्या पलीकडे जाईल. लांबी कमी-जास्त करता येणाऱ्या सिलिकॉनच्या नळ्याही मिळतात. बदलल्यावर दुर्बिणीने पुन्हा बघायलाच हवं, नाहीतर घासण्याची जागा फक्त दोन सेंटीमीटर खाली सरकलेली असते. मूल वाढतं, बाक वाढतो, म्हणून ही तपासणी एकदाच करून भागत नाही. दर सहा महिन्यांनी आणि नळीचा प्रकार बदलला की प्रत्येक वेळी ती व्हावी, असं माझं मत आहे.

रात्री व्हेंटिलेटर लावता, म्हणजे बहुधा फुगा असलेली नळी आहे. फुग्याचा दाब मोजायचं छोटं यंत्र मिळतं, ते घरी असू द्या. दाब २० ते २५ सेंटीमीटर पाण्याच्या पुढे नको. त्याहून जास्त झाला की फुग्याखालच्या त्वचेतला रक्तपुरवठा दबतो. बोटाने दाबून अंदाज घेणं फसवं असतं. काही फुगे हवेने भरायचे असतात, काही पाण्याने. तुमचा कोणता ते नळीच्या पाकिटावर बघा आणि अदलाबदल करू नका. दिवसा व्हेंटिलेटर नसताना फुगा रिकामा ठेवता येईल का, हे डॉक्टरांना विचारा. लाळ आत उतरत असेल तर ते नको म्हणतील, पण विचारायला हवं. व्हेंटिलेटरची ट्यूब नळीला ओढत तर नाही ना, हेही बघा. तिच्या वजनाने नळी तिरपी होते आणि आतलं टोक उलट दिशेला रेटलं जातं. ट्यूबला उशीचा किंवा स्टँडचा आधार द्या.

सक्शनबद्दल जरा थांबून सांगते, कारण रोजच्या रोज तुमच्या हातात असलेली ही एकच गोष्ट आहे. तिच्या मापाची नवी नळी बाहेर टेबलावर धरा, सक्शनला जोडायचा भाग लावलेला असू द्या. कॅथेटर आत घाला, टोकाजवळची छिद्रं नळीच्या पलीकडे जेमतेम बाहेर आली की थांबा, अर्ध्या सेंटीमीटरहून जास्त नाही. कॅथेटरवर तिथे किती आकडा आला तो वहीत लिहा आणि पलंगाच्या डोक्याशी चिकटपट्टीवरही लिहून ठेवा. यापुढे प्रत्येक वेळी तेवढंच आत जायचं. ‘अडखळेपर्यंत घाला आणि मग थोडं मागे घ्या’ ही जुनी पद्धत कुणी शिकवली असेल तर सोडून द्या, दर वेळी ते टोक श्वासनलिकेच्या दुभाजकावर आदळतं आणि तिथेच जखमा होतात. मशीनच्या काट्यावर दाब ८० ते १०० मिलिमीटर पाऱ्याच्या आसपास असू द्या. जास्त दाबाने बेडका लवकर येत नाही, त्वचा ओढली जाते. कॅथेटर बोटांत फिरवत फिरवत सक्शन करा, एका वेळी पाच सेकंदांहून जास्त नाही. दर तासाला सवयीने नको. घरघर ऐकू आली, श्वास जड झाला, ऑक्सिजन उतरला तर करा. आणि नळी किंवा तिची लांबी बदलली की आकडा पुन्हा मोजा, हे बऱ्याच घरांत राहून जातं.

कोरडेपणा हा आपल्याकडचा मोठा शत्रू. नाक हवा गरम आणि ओली करतं, नळीमुळे ती वाटच चुकते. फेब्रुवारीपासून जूनपर्यंत तुमच्याकडची हवा किती कोरडी असते हे तुम्हाला मी सांगायला नको. वर पंखा थेट अंगावर. दिवसा नळीवर ओलावा धरणारी जाळी लावा, लोक तिला कृत्रिम नाक म्हणतात. बेडका लागला किंवा भिजला की ती बदला. रात्री व्हेंटिलेटरला गरम पाण्याचा ह्युमिडिफायर असावा. सलाईनची वाफ किती वेळा द्यायची ते डॉक्टर ठरवतील. सक्शनच्या वेळी नळीत सलाईन सोडण्याची सवय मात्र नको, बेडका पातळ होण्यापेक्षा खोकल्याची उबळच जास्त येते. तिला पोटातून पाणी पुरेसं मिळतंय ना, हेही बघा. वीज जाते तेव्हासाठी बॅटरीवर चालणारं किंवा पायाने चालणारं सक्शन घरात हवंच.

फिट्सचं औषध कोणतं ते तुम्ही लिहिलं नाही. सोडियम व्हॅल्प्रोएट असेल तर त्याने काही मुलांमध्ये रक्त गोठवणाऱ्या पेशी कमी होतात. साध्या रक्ततपासणीत ते कळतं, सीटीच्या दिवशीच करून घ्या. औषध मनाने बंद करू नका, फिट आली की अंग अधिक ताठ होईल आणि नळी जास्त घासेल. ताठरपणाच्या गोळ्या पुरेशा आहेत का, हेही मेंदूविकारतज्ज्ञांना याच निमित्ताने विचारा. धमनीचं रक्षण करायला स्नायूंच्या गोळीचा उपयोग, हे ऐकायला विचित्र वाटेल. पण मान मागे जाणं कमी झालं की घासणं कमी होतं. फिजिओथेरपिस्टकडून झोपवण्याची आणि बसवण्याची पद्धत नव्याने बघून घ्या, मान सरळ राहील असा खुर्चीचा आधार करून घ्या.

आता सगळ्यात अवघड भाग. नळ्या बदलूनही टोक धमनीवर येतंय, किंवा दुर्बिणीत तिथे जखम दिसते आहे, असं निघालं तर डॉक्टर म्हणाले तो पर्याय पुढे येतो: धमनी आधीच, ठरवून बंद करायची आणि तोडायची. छातीचे किंवा हृदयाचे शल्यचिकित्सक हे काम करतात. ऐकून काळजाचा ठोका चुकतो, कारण तिथूनच मेंदूच्या उजव्या बाजूला रक्त जातं. पण मेंदूच्या तळाशी रक्तवाहिन्यांचं एक कडं असतं, त्यातून डाव्या बाजूचं आणि मागचं रक्त उजवीकडे वळू शकतं. ते कडं पुरेसं आहे की नाही, हे स्कॅनवर आधी बघतात. शस्त्रक्रियेतही धमनी आधी चिमट्याने तात्पुरती बंद करून मेंदूतला ऑक्सिजन उतरतो का ते पाहतात आणि मगच पुढे जातात. उजव्या हाताला रक्त आडवाटेने पोचतं, नाडी मंद लागते, म्हणून नंतर रक्तदाब डाव्या हातावर मोजायचा. तीव्र अपंगत्व आणि पाठीचा बाक असलेल्या मुलांवर ही प्रतिबंधक शस्त्रक्रिया करण्याचा अनुभव जपानमधल्या बालशल्यचिकित्सकांनी बराच लिहून ठेवला आहे, आणि नीट निवडलेल्या मुलांत तो आश्वासक आहे. जोखीम शून्य नाही. भूल आहे, संसर्ग आहे, मेंदूला रक्त कमी पडण्याची शक्यता कमी असली तरी आहे. पण ठरवून केलेली शस्त्रक्रिया आणि रक्ताच्या धारेत केलेली शस्त्रक्रिया यांत जमीन-अस्मानाचं अंतर आहे. दुसरीत बरीच मुलं टेबलापर्यंतही पोचत नाहीत.

सासूबाईंचं म्हणणं मला आडमुठेपणाचं वाटत नाही. त्या नातीचे हाल बघत आल्या आहेत. त्यांना पुढच्या भेटीला बरोबर घेऊन जा, सीटीची चित्रं डॉक्टरांना त्यांच्यासमोर उघडून दाखवायला सांगा. बंद दाराआड ठरलेल्या गोष्टीपेक्षा डोळ्यांनी बघितलेली गोष्ट पटते. आणि एक गोष्ट त्यांच्याशी वेगळी करून बोला: तपासणी करणं म्हणजे शस्त्रक्रियेला हो म्हणणं नव्हे. तपासणीनंतरही कुटुंबाने ‘आता आणखी शस्त्रक्रिया नको’ असा निर्णय घेतला, तर तोही आदराने घ्यायचा निर्णय आहे, आणि अशा वेळी तिला त्रास होऊ नये म्हणून काय करता येईल याची वेगळी आखणी डॉक्टर करतात. फक्त तो निर्णय माहिती हातात असताना घ्या. खर्चाची धास्ती असेल तर रुग्णालयातल्या वैद्यकीय समाजसेवकांना आधीच भेटा, महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत काय बसतं ते त्यांना ठाऊक असतं. रेशनकार्ड आणि आधार बरोबर ठेवा.

ज्यांच्या मुलाची ट्रॅकिओस्टॉमी अजून व्हायची आहे, अशा घरांसाठी दोन शब्द. मूल आडवं करून मान खूप मागे ताणली की श्वासनलिका वर ओढली जाते आणि भोक वाटतं त्यापेक्षा खालच्या कड्यात पडू शकतं. भोक जितकं खाली, तितकी धमनी जवळ. अनुभवी सर्जन याची काळजी घेतातच. पण पाठीला बाक किंवा छातीला व्यंग असेल तर ‘ही धमनी कुठे आहे हे आधी बघणार का, आणि नळीची लांबी कशावरून ठरवणार?’ हे प्रश्न शस्त्रक्रियेपूर्वी विचारा. चांगल्या डॉक्टरांना अशा प्रश्नांचा राग येत नाही.

ताई, तपासणी होईपर्यंतची तयारी आजच करा. तिच्या डॉक्टरांकडून एका कागदावर लिहून घ्या: तिला ट्रॅक का आहे, नळीचं माप, रक्तगट, औषधं, आणि ‘इनॉमिनेट धमनीतून रक्तस्रावाचा संशय’ हे शब्द स्पष्ट अक्षरात. एक प्रत पलंगाजवळ, एक पिशवीत, एक फोनमध्ये. जोराचं रक्त आलं तर कुठल्या रुग्णालयात जायचं हे आधी ठरवा. जिथे छातीचे सर्जन आणि रक्तपेढी आहे तिथेच, जवळ आहे म्हणून कुठेही नाही. आणि रस्ता लांबचा असेल तर वाटेत कुठे थांबून आधार घ्यायचा, तेही डॉक्टरांशी बोलून ठेवा. त्या क्षणी एकाने १०८ लावायचा. नळी काढायची नाही. फुग्याची नळी असेल तर फुगा नेहमीपेक्षा जास्त भरायचा, एरवीचा दाबाचा नियम तेव्हा लागू नाही, कारण तो फुगा धमनी दाबून धरू शकतो. किती भरायचा ते डॉक्टरांकडून आजच कागदावर लिहून घ्या आणि सिरिंज पलंगाला बांधून ठेवा. श्वासाची वाट मोकळी राहावी म्हणून सक्शन, हाताशी असेल तर ऑक्सिजन, आणि अँब्यू बॅग (हाताने दाबून श्वास द्यायची पिशवी) तयार. भोकातून बोट घालून धमनी हाडावर दाबून धरण्याची युक्ती रुग्णालयात वापरतात, ती घरी कुणी करून बघू नये.

मोठ्या मुलाबद्दल. सातवीतल्या मुलाला सक्शन शिकवू नका. काही बिनसलं तर ‘माझ्यामुळे झालं’ हे ओझं तो आयुष्यभर वागवेल. पण त्याला बाजूलाही ठेवू नका, ती त्याची बहीण आहे. १०८ ला फोन करून पत्ता आणि जवळची खूण कशी सांगायची, ऑक्सिमीटरवरचा आकडा कसा वाचायचा, डॉक्टरांचा कागद ठेवलेली पिशवी कुठे आहे, शेजारच्या काकांना कसं बोलवायचं, हे त्याला शिकवा आणि एक-दोनदा करूनही घ्या. सक्शन दुसरं कोणी मोठं माणूस शिकू दे, नवरा किंवा दीर. या क्षणी घरात ते फक्त तुम्हालाच येतं असं पत्रावरून वाटतंय. तसं असेल तर तपासणीसाठी रुग्णालयात असाल तेव्हा वॉर्डमधल्या सिस्टरकडून दुसऱ्या माणसाला शिकवून घ्या, त्याने त्यांच्यासमोर स्वतःच्या हाताने केल्याशिवाय घरी निघू नका.